टोपणनाव आणि तात्या टोपे

खेड्यात कागदावरचे नाव घेऊन घर शोधू लागलात तर शेजारीही क्षणभर विचारात पडतो. पण 'अण्णा', 'नाना' म्हटले की लहान पोरसुद्धा दार दाखवते. अशा नावाला आपण टोपणनाव म्हणतो. शब्द रोजचा, पण तो आला कोठून?

टोपण म्हणजे झाकण. मूळ नाव झाकून वर बसते ते टोपणनाव, असा अर्थ सहज लागतो. कृष्णाजी केशव दामले हे नाव 'केशवसुत' या नावाखाली असेच झाकले गेले. दुसरी बाजूही पाहा. टोप म्हणजे शिरस्त्राण. मग लोकांनी माणसाच्या डोक्यावर चढवलेले नाव, असेही कोणी म्हणेल. दोन्ही अर्थ गोड लागतात. पण गोड लागले म्हणून ते खरे ठरत नाहीत.

हाच पेच एका थोर पुरुषाच्या नावात आहे. १८५७ च्या युद्धातले सेनानी तात्या टोपे यांचे नाव रामचंद्र पांडुरंग. घराणे नाशिक जिल्ह्यातील येवल्याचे. दुसऱ्या बाजीरावाबरोबर हे कुटुंब कानपूरजवळ ब्रह्मावर्तास गेले. मग 'टोपे' कोठून आले? एक हकीकत अशी, की बाजीरावाने त्यांना मानाची टोपी दिली. दुसरी अशी, की त्यांचा तोफखान्याशी संबंध होता, म्हणून तोपेचे टोपे झाले.

आता तोलून पाहू. आपण मराठीत 'तोफ' म्हणतो. त्यापेक्षा 'टोपी' उच्चाराला जवळची. पण तात्या वाढले ते उत्तरेत, आणि तिकडे 'तोप' म्हणतात! तेव्हा नुसत्या उच्चारावरून निवाडा होत नाही. त्या काळचा कागद हवा. तो नसेल तर दोन्ही हकीकती शेजारी शेजारी ठेवाव्यात, हेच प्रामाणिकपणाचे.

१८ एप्रिल १८५९ रोजी शिवपुरी येथे तात्यांना फाशी दिले गेले. रामचंद्र पांडुरंग म्हटले तर आज किती जण ओळखतील? देशाने लक्षात ठेवले ते टोपणनावच.

म्हणून गुरुजनांना एक विनंती. गावातल्या म्हाताऱ्या माणसांची टोपणनावे मुलांकडून वहीत लिहवून घ्या. नाव कसे पडले आणि ते कोणी सांगितले, हेही लिहा. दोघांनी दोन कारणे सांगितली तर दोन्ही उतरवा. मूळ नाव सातबाऱ्यावर राहते. टोपणनावाची हकीकत मात्र सांगणाऱ्याबरोबरच जाते.