दक्षिणेची थैली आणि मराठी ग्रंथकार

दाभाडे सेनापतींनी तळेगावी सुरू केलेली आणि पुढे पेशव्यांनी पुण्यास आणलेली श्रावणमासातील दक्षिणा आणि अर्वाचीन मराठी गद्य यांचा निकटचा ऋणानुबंध आहे, असे म्हटल्यास पुष्कळांना ते विपरीत वाटेल. पर्वतीच्या पायथ्याशी रमण्याच्या आवारात ब्राह्मणांना आत घ्यावे आणि कोणी दुबार हात पसरू नये म्हणून बाहेर पडताना दारातच रुपये द्यावेत, अशा त्या व्यवहारात विद्वत्तेची कसोटी उत्तरोत्तर नाममात्र उरली होती. राज्य गेल्यावर एल्फिन्स्टनसाहेबांनी लोकमत सांभाळण्यासाठी ही दक्षिणा आखडती घेऊन चालू ठेवली आणि तिच्यातील काही रकमेवर 1821 साली विश्रामबागवाड्यात संस्कृत पाठशाळा उभी राहिली.

या थैलीचे तोंड मराठीकडे वळविले ते मात्र सरकारने आपण होऊन नव्हे. 1849 साली, ‘प्रभाकर’ पत्रात ‘शतपत्रे’ लिहिणारे लोकहितवादी आणि त्यांच्या विचाराची तरुण मंडळी यांनी सरकारात अर्ज गुजरला, की दक्षिणेचा पैसा उपयुक्त मराठी ग्रंथ लिहिणारांस, जातीचा विचार न करता, बक्षीस म्हणून द्यावा. पुण्यात गहजब झाला. अर्जदारांवर हल्ला होण्याचे भय इतके वाढले, की जोतीराव फुल्यांनी त्यांच्या रक्षणासाठी माणसे जमविल्याचे चरित्रकार सांगतात. अखेर अर्जाचा हेतू अंशतः सफल होऊन दक्षिणा प्राइज कमिटी अस्तित्वात आली.

तिच्या आश्रयाने भाषांतरांचे पीक आले, आणि त्यातील पुष्कळसे आज कोणी उघडून पाहणार नाही, हेही खरेच. पण लेखणीला वळण लागते ते अशाच बिनगाजावाजाच्या मेहनतीने. विश्रामबागेच्याच पाठशाळेत न्याय आणि अलंकार यांचे अध्ययन करून नंतर इंग्रजीकडे वळलेले कृष्णशास्त्री चिपळूणकर 1852 साली साक्रेतिसाचे चरित्र मराठीत आणतात, जॉन्सनच्या ‘रासेलस’चे त्यांनी आरंभिलेले भाषांतर त्यांचे चिरंजीव विष्णुशास्त्री तडीस नेतात, आणि तेच विष्णुशास्त्री 1874 साली ‘निबंधमाला’ काढून पहिल्याच निबंधात मराठीच्या तत्कालीन दुरवस्थेचा समाचार घेतात. भाषांतराच्या तालमीत घडलेल्या मुलाने भाषांतरित मराठीवरच कोरडे ओढावेत, यात मला कृतघ्नता दिसत नाही; तालीम उत्तम झाल्याची ती खूण आहे.

परंतु थैलीला जसे तोंड असते तसे त्या तोंडाशी कोणी बसलेलेही असते. ज्या जोतीरावांनी अर्जदारांची पाठराखण केली, त्यांनीच 1855 साली भोळ्या कुणब्याला नाडणाऱ्या जोशाचे कसब उघडे करणारे ‘तृतीय रत्न’ हे नाटक या कमिटीपुढे ठेवले. ‘गुलामगिरी’त ते स्पष्ट लिहितात, की कमिटीतील भट सभासदांच्या भिडेमुळे युरोपियन सभासदांचे काही चालले नाही आणि नाटक नापसंत झाले. जातीचा विचार न करण्याची अट अर्जात होती. निवाडा करणाऱ्यांच्या मनात ती उतरली नव्हती. शिक्षण, ग्रंथालये आणि बक्षिसे यांनी लेखक वाढतो हे निःसंशय खरे. पण कोणता लेखक, हे प्रत्येक समाज आपल्या पायरीवरून ठरवीत आला आहे, आणि म्हणून आश्रयाच्या इतिहासात स्वीकृत ग्रंथांबरोबर नाकारलेल्या ग्रंथांचीही यादी वाचली पाहिजे. ‘तृतीय रत्न’ छापून निघाले ते 1979 साली.