घरपट्टी आकारणी (नाशिक महानगरपालिका)

घरपट्टी आकारणी : घराचे वार्षिक भाडेमूल्य ठरवून त्यावर मालमत्ता कर बसवण्याची महानगरपालिकेची प्रक्रिया. कायद्यात या कराला मालमत्ता कर म्हणतात, नाशिककर मात्र त्याला घरपट्टी म्हणतात. महापालिकेत हे काम विविध कर विभागाकडे आहे. नाशिक पूर्व, नाशिक पश्चिम, पंचवटी, नाशिकरोड, नवीन नाशिक (सिडको) आणि सातपूर या सहा विभागीय कार्यालयांतून घरांची मोजणी, नोंद आणि वसुली होते. देवळाली कॅम्पमधील घरे या व्यवस्थेबाहेर आहेत. तेथे छावणी परिषद आपला कर स्वतंत्रपणे लावते.

कायदेशीर आधार. जमीन व इमारतींवर कर लावण्याचा अधिकार राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीतील राज्यसूचीनुसार (नोंद ४९) राज्याकडे आहे. राज्याने तो महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाद्वारे महापालिकांना दिला आहे. हा मूळचा १९४९ चा मुंबई प्रांतिक महानगरपालिका अधिनियम. नाशिक महापालिका ७ नोव्हेंबर १९८२ रोजी अस्तित्वात आली आणि तिलाही हाच कायदा लागू झाला. कलम १२७ आणि १२९ मध्ये कराची तरतूद असून आकारणीची तपशीलवार पद्धत अनुसूची ‘ड’मधील कराधान नियमांत सांगितली आहे.

पूर्वी महापालिकेचा मुख्य आधार जकात हा होता. नाशिकमध्ये २०१३ साली जकात जाऊन स्थानिक संस्था कर आला. १ ऑगस्ट २०१५ पासून बहुतेक व्यापाऱ्यांना त्यातूनही सूट मिळाली आणि १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर लागू झाला. त्यापुढे महापालिकेला शासनाच्या अनुदानावर विसंबावे लागले. शहराने स्वतः ठरवायचे आणि स्वतः गोळा करायचे मोठे उत्पन्न म्हणून घरपट्टी उरली. गेल्या दशकात या करावरून शहरात इतका वाद का झाला, हे यावरून समजते.

मूल्य कसे ठरते. घरपट्टी बाजारभावावर बसत नाही. हे घर भाड्याने दिले तर वर्षाला वाजवी भाडे किती येईल, हा आकारणीचा मूळ प्रश्न आहे. त्या रकमेला वार्षिक भाडेमूल्य म्हणतात. दुरुस्ती व इतर सर्व खर्चापोटी त्यातून सरसकट १० टक्के वजा केले की करयोग्य मूल्य मिळते. मालक स्वतः घरात राहत असला तरी हिशेब असाच होतो. घर भाड्याने दिले असेल तर प्रत्यक्ष भाडे विचारात घेता येते. भाडे नियंत्रण कायद्याखालील इमारतींबाबत सर्वोच्च न्यायालयाने १९७९ साली दिवाण दौलत राय कपूर खटल्यात प्रमाणित भाडे ही मूल्याची कमाल मर्यादा मानली. त्यामुळे जुन्या नाशकातील जुने भाडेकरू असलेला वाडा आणि गंगापूर रोडवरील नवा फ्लॅट यांच्या घरपट्टीत मोठे अंतर पडू शकते.

प्रत्येक घराचे भाडे स्वतंत्रपणे शोधणे शक्य नसते. म्हणून आयुक्त परिसर, बांधकामाचा प्रकार (आरसीसी, लोडबेअरिंग, कौलारू, पत्र्याचे) आणि वापर (निवासी, बिगरनिवासी, औद्योगिक) यांनुसार प्रति चौरस मीटर दर ठरवतात. घराच्या क्षेत्रफळाला या दराने गुणले की मासिक भाडेमूल्य निघते. पद्धत समजण्यासाठी एक काल्पनिक उदाहरण पाहता येईल. घराचे क्षेत्र ६० चौरस मीटर आणि दर प्रति चौरस मीटर दरमहा २० रुपये धरला, तर मासिक भाडेमूल्य १,२०० रुपये आणि वार्षिक १४,४०० रुपये होते. १० टक्के वजा जाता करयोग्य मूल्य १२,९६० रुपये. सर्व करांची बेरीज ४० टक्के धरली, तर वर्षाची घरपट्टी ५,१८४ रुपये आणि सहामाही हप्ता २,५९२ रुपये येतो.

२०१० च्या कायदादुरुस्तीने महापालिकांना भांडवली मूल्याची, म्हणजे रेडी रेकनरच्या दरावर आधारलेली पद्धत स्वीकारण्याची मुभा मिळाली. मुंबईने ती घेतली. नाशिकने भाडेमूल्याचीच पद्धत ठेवली. मुंबईत २०२२ पासून ५०० चौरस फुटांपर्यंतच्या निवासी घरांना मालमत्ता कर माफ आहे आणि पुण्यात मालक स्वतः राहत असलेल्या घराला भाडेमूल्यात ४० टक्के सवलत मिळते. या सवलती त्या त्या शहरापुरत्या आहेत. त्या गृहीत धरून नाशिकचे बिल तपासल्यास हिशेब चुकतो.

बिलातील घटक. घरपट्टीचे बिल एकच असले तरी त्यात अनेक कर एकत्र येतात. सामान्य कर, सफाई व मलप्रवाहाशी संबंधित कर, अग्निशमन, पथकर आणि महापालिकेचा शिक्षण कर ही महापालिकेची स्वतःची आकारणी आहे. वृक्ष कराला १९७५ च्या वृक्ष संरक्षण कायद्याचा आधार आहे. राज्य शिक्षण कर १९६२ च्या कायद्यानुसार महापालिका शासनासाठी गोळा करते. त्याचा दर बिगरनिवासी मिळकतींना जास्त असतो. रोजगार हमी कर फक्त बिगरनिवासी वापराला लागतो. पाणीपट्टीचे बिल वेगळे असते. सार्वजनिक प्रार्थनास्थळे आणि धर्मादाय वापराच्या इमारतींना कलम १३२ नुसार सामान्य करातून सूट मिळू शकते. माजी सैनिकांच्या एका घराला २०२० च्या राज्य योजनेनुसार सवलत आहे, मात्र ती अर्ज केल्यावरच मिळते.

नोंद, नोटीस आणि हरकत. नव्या घराला भोगवटा दाखल्यानंतर किंवा प्रत्यक्ष वापर सुरू झाल्यावर कर लागतो. मिळकतीला इंडेक्स नंबर मिळतो आणि तिचे क्षेत्र, वापर व मूल्य आकारणी नोंदवहीत चढते. त्या नोंदी पाहण्याचा हक्क मालकाला आणि भोगवटादाराला आहे. मिळकतीची पहिल्यांदा नोंद झाली किंवा तिचे मूल्य वाढवले, तर आयुक्तांना मालकाला किंवा भोगवटादाराला विशेष नोटीस द्यावी लागते. नोटिशीतील मुदतीत लेखी हरकत घेतल्यास सुनावणी होते आणि त्यानंतर मूल्य कायम होते.

घरमालकाच्या दृष्टीने सगळ्या प्रक्रियेतील हाच टप्पा सर्वांत मोलाचा आहे. बाल्कनी किंवा पार्किंगचे क्षेत्र चुकीने धरलेले असणे, बंद झालेल्या दुकानाची बिगरनिवासी नोंद तशीच राहणे, एकाच घराच्या दोन नोंदी असणे, असे दोष येथेच दुरुस्त होतात. मंजूर नकाशा, भोगवटा दाखला, खरेदीखत आणि वीजबिल जोडलेला अर्ज सुनावणीत उपयोगी ठरतो. निर्णय मान्य नसेल तर कलम ४०६ नुसार १५ दिवसांत न्यायाधीशाकडे अपील करता येते. त्यासाठी आधी नियमाप्रमाणे हरकत घेतलेली असावी लागते आणि मागणीची रक्कम भरावी लागते. त्यापुढचे अपील जिल्हा न्यायालयात जाते. नोटीस घरात तशीच पडून राहिली तर पुढचे दरवाजेही बंद होतात.

घर विकत घेतल्यावर ‘घरपट्टीवर नाव लावणे’ हे खरेदीखतापासून वेगळे काम आहे. हस्तांतराची सूचना दस्त झाल्यापासून तीन महिन्यांत द्यावी लागते. तोवर कराची जबाबदारी जुन्या नावावर राहते. कलम १४१ नुसार हा कर मिळकतीवरील पहिला बोजा असल्याने मागच्या मालकाची थकबाकी घरासोबत नव्या मालकाकडे येते. घरपट्टीची पावती हा मालकीचा पुरावा ठरत नाही. अनधिकृत बांधकामाला कर आणि शास्ती लागली म्हणून ते बांधकाम नियमितही होत नाही.

भरणा आणि वसुली. कर १ एप्रिल आणि १ ऑक्टोबर या तारखांना सहामाही आगाऊ देय होतो. नाशिकमध्ये संपूर्ण वर्षाचा कर एकरकमी भरणाऱ्याला एप्रिलमध्ये सर्वाधिक सूट मिळते. मे आणि जूनमध्ये ती कमी होत जाते. थकीत रकमेवर दरमहा २ टक्के, म्हणजे वर्षाला २४ टक्के शास्ती लागते. मागणीची नोटीस, जप्तीचे अधिपत्र आणि शेवटी मिळकतीचा लिलाव असा वसुलीचा क्रम आहे. ऑक्टोबर २०२२ मध्ये महापालिकेने मोठ्या थकबाकीदारांच्या दारात ढोल वाजवण्याची मोहीमही राबवली. अधूनमधून येणाऱ्या अभय योजनेत शास्तीचा मोठा भाग माफ होतो. थकबाकी त्यातून वसूल होते, पण वेळेवर भरणाऱ्यावर अन्याय होतो.

२०१८ चा करवाद. कायद्याने कराचे दोन भाग दोघांकडे दिले आहेत. कराची टक्केवारी महासभा दरवर्षी २० फेब्रुवारीपर्यंत ठरवते आणि करयोग्य मूल्य आयुक्त ठरवतात. आयुक्त तुकाराम मुंढे यांनी १ एप्रिल २०१८ पासून भाडेमूल्याचे दर कित्येक पटींनी वाढवले आणि मोकळ्या जमिनीही वाढीव आकारणीत घेतल्या. मळ्यांतील शेतकरी, गृहनिर्माण संस्था आणि उद्योजक रस्त्यावर आले. महासभेने वाढ फेटाळली. मूल्य ठरवण्याचा अधिकार आपला आहे, ही भूमिका आयुक्तांनी सोडली नाही. ऑगस्टमध्ये त्यांच्यावर अविश्वास ठराव आला. दरांत मोठी कपात झाली आणि तत्कालीन मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांच्या हस्तक्षेपानंतर ठराव मागे घेतला गेला. नोव्हेंबरमध्ये मुंढे यांची बदली झाली.

टक्केवारी तीच राहिली तरी मूल्य दुप्पट झाल्यास कर दुप्पट होतो, हे नाशिककरांनी त्या वर्षी अनुभवले. वाढीव दर नव्या मिळकतींना लागल्याने एकाच कॉलनीत, सारख्याच आकाराच्या जुन्या व नव्या घरांची घरपट्टी वेगवेगळी झाली. मार्च २०२२ मध्ये महासभेची मुदत संपून प्रशासकीय राजवट आली, तेव्हा टक्केवारी आणि मूल्य हे दोन्ही अधिकार एकाच अधिकाऱ्याच्या हाती गेले.

मूल्यमापन. भाडेमूल्याची पद्धत घराच्या उपयोगाशी जोडलेली आहे. घराचा बाजारभाव कागदावर वाढला तरी निवृत्त मालकाचे उत्पन्न वाढत नाही, याची दखल ती काही प्रमाणात घेते. दर वर्षानुवर्षे गोठवून ठेवणे हा तिचा मोठा दोष आहे. कराधान नियमांनुसार निदान चार वर्षांतून एकदा नवी आकारणी नोंदवही तयार व्हायला हवी. हा नियम पाळला गेला असता तर वाढ लहान टप्प्यांत झाली असती, जुन्या आणि नव्या घरांत दरी पडली नसती आणि २०१८ सारखा धक्का बसला नसता. न्याय्य घरपट्टीसाठी महापालिकेने नियमित फेरआकारणी करणे आणि दर ठरवण्याचा आधार जाहीर करणे आवश्यक आहे. घरमालकाने आपली नोंद तपासून मुदतीत हरकत घेणे हेही तितकेच गरजेचे आहे.