निरोगी माणसाच्या दारात

आजारी माणूस डॉक्टरांकडे आपल्या पायांनी जातो. पण ज्याला काहीच होत नाही, अशा माणसाच्या दारात आपण जातो आणि 'या, तुमची तपासणी करू' म्हणतो, तेव्हा हिशेब बदलतो. त्याचं भलं होईल हे सिद्ध करण्याची जबाबदारी आपल्यावर येते. वैद्यकशास्त्रानं ही जबाबदारी नीट कागदावर उतरवली ती १९६८ साली. ब्रिटिश आरोग्य मंत्रालयातले विल्सन आणि स्वीडनमधले युंगनर या दोघांनी जागतिक आरोग्य संघटनेसाठी एक पुस्तिका लिहिली. तीत दहा कसोट्या होत्या. रोग महत्त्वाचा हवा, त्यावर मान्य उपचार हवा, चाचणी लोकांना पटणारी हवी, खर्चाचा मेळ बसायला हवा, वगैरे. बहुतेक कसोट्या तुम्ही-आम्हीही सांगू शकलो असतो. मेख आहे ती सातवीत. रोगाला त्याच्या मार्गानं जाऊ दिलं तर तो कुठे जातो, हे पुरतं ठाऊक हवं.

ती किती महाग पडू शकते, हे जपाननं पाहिलं. न्यूरोब्लास्टोमा हा चिमुकल्यांना होणारा कर्करोग. त्याच्या गाठीतून निघणारी काही द्रव्यं लघवीत उतरतात. वयाची वर्षं सरून रोग कळला तर मूल वाचणं कठीण. तान्हेपणी कळला तर बहुतेक मुलं वाचतात. मग तान्हेपणीच का शोधू नये? कियोटोत १९७०च्या दशकात प्रयोग झाला आणि १९८०च्या दशकाच्या मध्यावर देशभर योजना सुरू झाली. सहा महिन्यांच्या बाळाच्या लघवीनं भिजवलेला फिल्टर पेपर आईनं टपालानं प्रयोगशाळेत पाठवायचा. किती सोपं! रुग्ण भराभर सापडू लागले, आणि सापडलेली जवळजवळ सगळी बाळं जगली. यापेक्षा मोठं यश कोणतं?

पण मोठ्या मुलांमधला घातक रोग म्हणावा तसा घटेना. तान्ह्या बाळांतल्या अनेक गाठी आपोआप विरून जातात. चाचणी मुख्यतः त्याच पकडत होती. जी गाठ कधी कुणाला कळलीही नसती, तिच्यापायी बाळाच्या वाट्याला शस्त्रक्रिया आली, काहींच्या वाट्याला जहाल औषधं आली. आणि आईबाप मात्र चाचणीला दुवा देत राहिले, हे यातलं सर्वांत अवघड. जर्मनीत सुमारे १५ लाख आणि कॅनडातल्या क्वेबेकमध्ये पावणेपाच लाखांहून अधिक मुलांची तपासणी करून, तपासणी न झालेल्या मुलांशी तुलना झाली. २००२ साली दोन्हींचे निष्कर्ष आले: मृत्यू कमी झालेले नव्हते. जपाननं २००४ साली योजना थांबवली. २००८ साली जपानमधल्याच एका पाहणीत थोडा फायदा दिसला, त्यामुळे वाद पुरता मिटलेला नाही. पण योजना पुन्हा उभी राहिली नाही.

याच कसोट्यांवर उतरलेलं उदाहरण आपल्या घरचं आहे. गर्भाशयमुखाचा कर्करोग अनेक वर्षं पूर्वावस्थेत रेंगाळतो, आणि त्या अवस्थेत तो छोट्या उपचारानं रोखता येतो. म्हणजे सातवी कसोटी पार. उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यात, बार्शीच्या कर्करोग रुग्णालयाच्या आधारानं १९९९ पासून ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ स्त्रियांवर अभ्यास झाला. गावांचे ५२ समूह, त्यांचे चार गट. तीन गटांना प्रत्येकी वेगळी तपासणी, आणि ती आयुष्यात फक्त एकदा. २००९ साली निष्कर्ष आला: एचपीव्ही विषाणूची चाचणी झालेल्या गटात या रोगानं ३४ मृत्यू, तपासणी न झालेल्या गटात ६४.

त्या चौथ्या गटातल्या बायकांना तपासणी न देणं योग्य होतं का, यावर पुढे कडाक्याचा वाद झाला. गावात अशी सोय नव्हतीच, असं एक उत्तर मिळालं. मला ते पुरेसं वाटत नाही. पण त्या गटाशिवाय ३४ हा आकडा मोठा की लहान, हेही कुणाला सांगता आलं नसतं. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२१ साली याच चाचणीला पहिली पसंती दिली, तेव्हा हाती असलेल्या पुराव्यात त्या गावांतल्या बायकाही होत्या.