कात्री लागलेला कन्फ्यूशियस

1394 मध्ये मिंग सम्राट होंगवूने कन्फ्यूशियसच्या परंपरेतल्या ‘मेन्शियस’ या ग्रंथातले 85 उतारे गाळून नवी आवृत्ती काढवली. राज्यात प्रजा पहिली आणि राजा शेवटचा, जुलमी राजाला मारणे ही राजहत्या नव्हे, असे विचार सम्राटाला खुपत होते. सनदी परीक्षा मात्र कन्फ्यूशियसच्या परंपरेवरच उभ्या होत्या. आज्ञापालन शिकवणारा कन्फ्यूशियस दरबाराला हवा होता, राजाची कानउघाडणी करणारा नको होता. आजच्या चीनमधल्या त्याच्या ‘पुनरागमना’तही हीच निवड दिसते.

विसाव्या शतकात त्याला आधी हद्दपारच व्हावे लागले. 1905 मध्ये सनदी परीक्षा रद्द झाल्या, 1919 च्या चळवळीतील तरुणांनी देशाच्या मागासलेपणाचे खापर त्याच्यावर फोडले आणि 1966 मध्ये सांस्कृतिक क्रांतीतल्या रेड गार्ड तरुणांनी छुफू या त्याच्या जन्मगावातल्या मंदिराची नासधूस केली. त्याच छुफूला 2013 मध्ये शी जिनपिंग यांनी भेट दिली. त्या वर्षी लागू झालेल्या सुधारित कायद्याने वेगळे राहणाऱ्या मुलांवर वृद्ध आईवडिलांना वरचेवर भेटण्याची जबाबदारी टाकली. हा सगळा सरकारी देखावा आहे, असे कोणी म्हणेल. पण एक-मूल धोरणामुळे आणि शहरांकडे गेलेल्या कोट्यवधी कामगारांमुळे म्हाताऱ्यांचा प्रश्न खरा आहे, आणि मातृपितृभक्ती लोकांच्या मनात मुरलेली आहे. म्हणूनच तिचा आधार सरकारला घेता येतो. त्याबरोबर निवृत्तिवेतन आणि शुश्रूषेचा काही भारही घरावर ढकलता येतो.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. स्पर्धापरीक्षेतून अधिकारी निवडण्याची आजची पद्धत गुणवत्तेच्या जुन्या आदर्शाचीच वारस नाही का? काही अंशी आहे. पण जुन्या व्यवस्थेत परीक्षेइतकीच महत्त्वाची आणखी एक संस्था होती, ती म्हणजे निरीक्षकांची कचेरी. अधिकाऱ्यांवर नजर ठेवणे आणि प्रसंगी सम्राटालाही चूक दाखवणे, ही दोन्ही तिची कामे. तिथल्या अनेकांनी त्यापायी फटके खाल्ले, काहींनी प्राण गमावले. तरीही ते कर्तव्यच मानले जाई. 2018 मध्ये स्थापन झालेला राष्ट्रीय पर्यवेक्षण आयोग कम्युनिस्ट पक्षाच्या नेतृत्वाखाली अधिकाऱ्यांची झाडाझडती घेतो. नेतृत्वाला जाब विचारणे त्याच्या कामात बसत नाही. जुन्या निरीक्षकाची नजर राज्याने ठेवली आहे, त्याची जीभ नाही. ती परत मिळेपर्यंत या राज्यकारभाराला कन्फ्यूशियसचा वारसा अर्धाच लाभला, असे म्हणावे लागेल.