विजयदुर्ग आणि हेलियम
‘हेलियमचा शोध विजयदुर्गावर लागला’ हे विधान कोकणात सर्रास ऐकू येते, पण तारखा त्याला दुजोरा देत नाहीत. १८ ऑगस्ट १८६८च्या खग्रास सूर्यग्रहणात फ्रेंच खगोलज्ञ जान्सेन गुंटूरला होते. नॉर्मन लॉकियर इंग्लंडमध्येच. सौरज्वालांच्या वर्णपटातील पिवळी रेषा सोडियमच्या जोडरेषेशी जुळत नाही, हे लॉकियर यांनी त्याच वर्षी ऑक्टोबरपासून, ग्रहणाची वाट न पाहता केलेल्या निरीक्षणांत पाहिले. ती अज्ञात मूलद्रव्याची असावी, हा तर्क धाडसाचा. रसायनशास्त्रज्ञांनी तो सहजी मानला नाही, आणि ते रास्तच होते. निराळ्या दाबाखाली वा तापमानात हायड्रोजनच अशी रेषा देत नसेल कशावरून? लॉकियर व फ्रँकलंड यांनी प्रयोगशाळेत हायड्रोजनवर तसे करून पाहिले. रेषा काही मिळाली नाही. तरी हाती नमुना नव्हताच. १८९५मध्ये लंडनला रॅमझे यांना क्लेव्हाइट या युरेनियमयुक्त खनिजातून निघालेल्या वायूत तीच रेषा दिसली, तेव्हा कुठे वाद मिटला. लॉकियर विजयदुर्गाला आले ते त्यानंतर, २२ जानेवारी १८९८च्या ग्रहणासाठी. किल्ल्यावर दाखवले जाणारे ‘साहेबाचे ओटे’ याच मोहिमेचे मानले जातात.