नकटीचे दुसरे इंजिन

जठारपेठेतल्या आमच्या घरामागे पत्र्याच्या शेडमध्ये एक जुना पिकअप उभा आहे. त्याला पुढे बॉनेट नाही. ड्रायव्हर थेट पुढच्या चाकांवर बसतो आणि इंजिन त्याच्या नि शेजाऱ्याच्या मध्ये, लोखंडी झाकणाखाली. महिंद्रा कंपनीने १९६५ च्या सुमारास हे जीप-ट्रक आपल्याकडे करायला घेतले. कागदावर नाव एफसी १५०, म्हणजे फॉरवर्ड कंट्रोल. आमच्या घरात मात्र तिला पहिल्या दिवसापासून ‘नकटी’ म्हणतात. वडिलांनी ती १९६८ साली घेतली, सरकी-ढेपेच्या धंद्यासाठी.

गेल्या दिवाळीत माझा पुतण्या पुण्याहून आला आणि म्हणाला, ‘काका, हिची व्हिंटेज म्हणून नोंद करू या.’ तिथून ही गोष्ट सुरू होते. पण ती नीट कळायला थोडे मागे जावे लागेल.

जीप आपल्या देशात आली ती लढाईच्या पाठीवर बसून. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने सहा लाखांहून अधिक जीपा बनवल्या. युद्ध संपल्यावर इथे उरलेल्या जीपा लिलावात निघाल्या. ‘डिस्पोजलची जीप’ हा शब्द जुन्या लोकांना आठवत असेल. १९४५ साली ‘महिंद्रा अँड महंमद’ ही कंपनी निघाली, १९४८ मध्ये ती ‘महिंद्रा अँड महिंद्रा’ झाली आणि मुंबईत जीपा जुळवू लागली. आपल्या पाहण्यातली जीप आठवा. तिचे बॉनेट विचित्र उंच असते. कारण मजेशीर आहे. १९५३ साली विलीज कंपनीने जुने साठ घोड्यांचे इंजिन काढून अधिक ताकदीचे ‘हरिकेन’ बसवायचे ठरवले. त्याच्या इनटेक व्हॉल्व्ह वर असल्याने ते उंच झाले आणि जुन्या बॉनेटखाली मावेना. कंपनीने सरळ बॉनेटच उंच केले! म्हणजे इंजिनासाठी गाडी कापायची विद्या आमच्या मिस्त्र्यांनी शोधलेली नाही.

नकटीतही हेच हरिकेन होते, पेट्रोलवर चालणारे. १९७३ च्या ऑक्टोबरात अरब-इस्रायल युद्ध झाले आणि काही महिन्यांत कच्च्या तेलाचा भाव पिंपाला तीन डॉलरवरून बारा डॉलरच्या घरात गेला. त्याची झळ अकोल्याच्या ढेपेच्या पोत्यापर्यंत पोचली. अकोटची एक खेप केली की वडील रात्री वहीत आकडे मांडत बसत, आणि आई कंदिलाची वात कमी करून त्यांच्याकडे पाहत राही. गाडी विकायची बोलणीही झाली. पण पेट्रोलची गाडी घेतो कोण?

आमच्या मिस्त्र्याने उपाय सांगितला. ‘काकाजी, गाडी सोन्यासारखी हाय, पण पेट्रोल लय पेते. इंजिनच बदलून टाकू.’

त्या काळी इंटरनॅशनल बी-२७५ हा ट्रॅक्टर वऱ्हाडात ओळखीचा झाला होता. त्याचे डिझेल इंजिन पस्तीस घोड्यांच्या आसपासचे. खुद्द महिंद्रानेही सत्तरच्या दशकात तेच जीपला जोडले. १९७६ च्या उन्हाळ्यात एका मोडीत निघालेल्या ट्रॅक्टरचे इंजिन आमच्या अंगणात येऊन पडले. मी तेव्हा चौदा वर्षांचा. शाळेला सुट्टी, त्यामुळे पाना-पकड द्यायचे काम माझ्याकडे.

केबिनच्या छतामुळे जुने इंजिन वर उचलता येईना. मग गाडी चारी बाजूंनी ओंडक्यांवर चढवून ते खालून काढले. खरा घोळ पुढे होता. नव्या इंजिनाचे बोल्ट आणि जुन्या गिअरबॉक्सची भोके एकमेकांना ओळखही देत नव्हती. खरादीने लेथवर मध्ये बसणारी जाड लोखंडी प्लेट कातून दिली. तिचा मध्य केसभर जरी चुकला तरी क्लचचे बेअरिंग महिनाभरात जाणार. म्हणून ती तीनदा कातली. फाउंडेशन नव्याने वेल्ड केले. इंजिन जड, त्यामुळे पुढचे पाटे बसले. एकेक पान वाढवावे लागले. नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्ने म्हणतात, ती मी मोजली आहेत.

आणि सुरू झाल्यावर ते बंदच होईना! पेट्रोलच्या गाडीत किल्ली फिरवली की ठिणगी जाते, इंजिन थांबते. डिझेलमध्ये ठिणगीच नसते. तेल तोडावे लागते. त्यासाठी मिस्त्र्याने सीटखाली एक दांडी लावली. ती ओढली की पंप बंद.

वेग गेला. ट्रॅक्टरचे इंजिन फेरेच कमी घेते. केबिनमध्ये शेजारच्याशी ओरडून बोलावे लागे. पण खर्च उतरला, आणि पुढची पंधरा-सोळा वर्षे आमचे घर त्या आवाजावर चालले. बहिणीचे लग्न, माझे कॉलेज. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातल्या डॉज-फार्गो ट्रकांनाही पर्किन्सची डिझेल इंजिने बसलीच होती. मूर्तिजापूरच्या शकुंतलेचे मँचेस्टरहून आलेले वाफेचे इंजिन १९९४ साली काढून डिझेलचे लावले. म्हणून तिला कुणी दुसऱ्या नावाने हाक मारली नाही.

आता पुतण्याकडे येतो. जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने व्हिंटेज गाड्यांचे नियम केले. गाडी पन्नास वर्षांहून जुनी हवी, नव्या नोंदणीला वीस हजार रुपये शुल्क, नंबरात ‘व्हीए’ अक्षरे. वयात नकटी बसते. पण पुढची अट अशी की गाडी मूळ रूपात हवी. चेसिस, बॉडी किंवा इंजिन बदललेले चालणार नाही. शिवाय अशी गाडी रोजच्या वा धंद्याच्या कामाला रस्त्यावर काढायची नाही. म्हणजे जी खरेदी करून झाकून ठेवली ती ऐतिहासिक, आणि जी राबली ती नाही. नियम करणाऱ्यांचीही बाजू असेल; जुन्या नावाखाली भलत्याच गाड्या खपू नयेत. तरी मला हे पचत नाही.

पुतण्याने दोन वाटा काढल्या. एक, कुठूनतरी हरिकेन मिळवून परत बसवायचे. दुसरी, अमेरिकेतले हौशी लोक करतात तसे संगणकावर चालणाऱ्या फ्युएल इंजेक्शनचे नवे इंजिन आणि ऑटोमॅटिक गिअरबॉक्स लावायचा. क्लचचे पेडलच नाही! मी त्याला म्हटले, ‘बाबा रे, इंजेक्शन तर हिला १९७६ पासून आहे. पंप आणि नोझल म्हणजे दुसरे काय?’ तो हसला. पण ऑटोमॅटिकवाली वाटही आता सोपी नाही. आरसी बुकातल्या तपशिलाशी न जुळणारा बदल कायदा करू देत नाही.

मग मी आरसी बुकच काढले. पिवळे पडलेले पान. जुना इंजिन नंबर खोडलेला, त्याखाली निळ्या शाईत नवा नंबर, तारीख, शिक्का. वडिलांनी ती नोंद कायद्याप्रमाणे करून घेतली होती. हरिकेन परत बसवायचे तर ही ओळ खोडावी लागणार. मी म्हटले, ‘अर्ज करायचा नाही.’

दुसऱ्या दिवशी बॅटरी चढवली, डिझेलच्या लाइनमधली हवा काढली. तिसऱ्या प्रयत्नात इंजिन लागले, आळीतली कुत्री पळाली. थोड्या वेळाने पुतण्याने किल्ली फिरवली. इंजिन चालूच. त्याने पुन्हा फिरवली. मग मी त्याला सीटखालची दांडी दाखवली.