रिकाम्या खोक्यातून निघालेली अंतराळयाने

१९७७ च्या नाताळात अमेरिकेतील अनेक मुलांच्या हाती भेट म्हणून चक्क रिकामे खोके पडले. आत खेळणे नव्हतेच. होता पुठ्ठ्याचा एक चित्रमय फलक, काही स्टिकर, सभासदत्वाचे कार्ड आणि एक प्रमाणपत्र. हे प्रमाणपत्र टपालाने पाठविल्यास येत्या वर्षी ल्यूक, लेया, च्युबाका आणि आर-टू-डी-टू या चार प्रतिकृती घरपोच येतील, असे आश्वासन त्यावर दिलेले होते.

‘स्टार वॉर्स’ हा चित्रपट त्याच वर्षी २५ मे रोजी प्रदर्शित झाला होता. त्याचा एवढा गाजावाजा होईल, याची कल्पना खेळणी उद्योगाला नव्हती. ‘मेगो’ या त्या काळच्या आघाडीच्या कंपनीने परवाना नाकारला आणि तो सिनसिनाटीच्या ‘केनर’कडे गेला. मात्र प्लॅस्टिकचे साचे तयार करून माल दुकानात आणायला कित्येक महिने लागतात. नाताळ तर तोंडावर आलेला. तेव्हा केनरने मुलांना खेळण्याऐवजी वायदाच विकला. तो १९७८ मध्ये पाळलाही. गंमत अशी, की ज्यांनी प्रमाणपत्र न पाठविता तसेच ठेवले, त्यांच्याकडील ते न उघडलेले खोके आज संग्राहक मोठी किंमत मोजून घेतात.

पावणेचार इंचांचा हिशेब

विज्ञानकथेतील याने त्याआधीही खेळण्यांत होती. युद्धोत्तर जपानने पत्र्याची रॉकेटे आणि यंत्रमानव जगभर पाठविले. ब्रिटनमध्ये ‘थंडरबर्ड्स’ या दूरचित्रवाणी मालिकेवरून डिंकी टॉइजने १९६७ मध्ये धातूचे हिरवे ‘थंडरबर्ड-२’ काढले. त्याच्या पोटात चिमुकले ‘थंडरबर्ड-४’ बसत असे. तथापि यान आणि त्यात बसणारा माणूस या दोहोंचे एकच कुटुंब उभे केले ते केनरने.

‘अ‍ॅक्शन फिगर’ हा शब्द हॅस्ब्रोने १९६४ मध्ये ‘जी. आय. जो’साठी रूढ केला. मुलगे ‘बाहुली’ घेणार नाहीत, ही त्यामागची धास्ती. तो सैनिक जवळपास फूटभर उंचीचा होता. त्या मापाचा वैमानिक बसेल असे यान करायचे, तर ते घरात मावणार नाही. केनरने म्हणून माणसाची उंची साधारण पावणेचार इंचांवर आणली आणि सारा व्यवसायच पालटला. १९७८ मध्ये पहिल्या बारा फिगर आल्या, त्याच वर्षी ‘एक्स-विंग’ आणि ‘टाय फायटर’ ही लढाऊ याने आली. एक्स-विंगवर बसविलेल्या आर-टू-डी-टूचे डोके दाबले की चारही पंख उघडत. १९७९ मध्ये ‘मिलेनियम फाल्कन’ आले. त्याचे वरचे झाकण काढले, की आत फळीखालचा चोरकप्पा, बुद्धिबळासारख्या खेळाचे मेज आणि दोऱ्याला टांगलेला सरावाचा चेंडू दिसे.

संग्राहकांची खरी परीक्षा याच किरकोळ भागांत आहे. फाल्कनचा मोठा सांगाडा अजूनही सहज मिळतो. मिळत नाही तो चेंडू, रडारची तबकडी, खालचे पाय. प्रत्येक फिगरबरोबर आलेली बंदूक नखाएवढी असे आणि ती बहुधा पहिल्याच आठवड्यात गालिच्याखाली जाई. त्यामुळे पूर्ण आणि अपूर्ण नगांच्या किमतीत फार मोठी तफावत पडते. ही तफावत हेच बनावट भागांचे मूळ होय. मूळ बंदूक पाण्यावर तरंगते आणि नकली बुडते, अशी एक घरगुती कसोटी प्रचलित आहे. पण ती सर्वच भागांना लागू पडत नाही. प्लॅस्टिकची चकाकी, साच्याची रेघ, कडांची तीक्ष्णता यांवर सरावलेल्या डोळ्यांचाच अधिक विश्वास.

चुकांना आलेला भाव

संग्राहकांनी डोक्यावर घेतलेल्या अनेक वस्तू मुळात चुकीतून किंवा माघारीतून जन्मल्या आहेत. ‘स्नॅगलटूथ’ या पात्राचे केवळ कमरेपर्यंतचे कृष्णधवल छायाचित्र केनरकडे होते. त्यावरून १९७८ मध्ये सीअर्सच्या दुकानांसाठी जो संच निघाला, त्यात हे पात्र उंच, निळ्या पोशाखातले आणि बूट घातलेले झाले. चित्रपटातले पात्र ठेंगणे आणि लाल पोशाखातले असल्याचे पुढे लक्षात आले व फिगर बदलली. आज मागणी आहे ती चुकलेल्या निळ्याला. ‘जावा’ या बुटक्या पात्राचा पहिला झगा व्हिनाइलचा होता. तो फारच क्षुल्लक वाटतो म्हणून लवकरच कापडाचा झाला. परिणामी व्हिनाइलचा झगा दुर्मिळ ठरला आणि ओबी-वान केनोबीचा झगा कापून तो जावाला चढविणारे महाभागही निघाले. ‘याक फेस’ ही फिगर तर अमेरिकेतील दुकानांत आलीच नाही.

यातली सर्वांत प्रसिद्ध कथा ‘बोबा फेट’ची. पाठीवरून स्प्रिंगच्या जोरावर रॉकेट सोडणारी ही फिगर १९७९ मध्ये टपालाने देण्याची जाहिरात केनरने केली होती. तेवढ्यात मॅटेलच्या ‘बॅटलस्टार गॅलॅक्टिका’ यानातून सुटलेले क्षेपणास्त्र घशात अडकून एका चार वर्षांच्या मुलाचा मृत्यू झाला आणि जानेवारी १९७९ मध्ये ती खेळणी परत मागविण्यात आली. केनरनेही बेत आवरला. ग्राहकांच्या घरी गेलेल्या बोबा फेटचे रॉकेट पक्के चिकटविलेले होते. रॉकेट उडविणारे नमुने तेवढे कंपनीतील मंडळींकडे उरले. त्यांपैकी हाताने रंगविलेला एक नमुना २०२४ मध्ये डॅलसच्या हेरिटेज ऑक्शन्समध्ये सव्वापाच लाख डॉलरला गेला.

एवढा पैसा आला की कागदपत्रे येतात. न उघडलेली पाकिटे तपासून, गुण देऊन, अ‍ॅक्रिलिकच्या पेटीत बंद करून देणाऱ्या संस्था आता आहेत. पाकिटाच्या पाठीवर किती फिगरची छायाचित्रे आहेत, यावरून त्याचा काळ ठरतो. बारा छायाचित्रांचे ते पहिल्या वर्षीचे. तरीही हा व्यवहार शेवटी माणसांच्या भरवशावर चालतो. कॅलिफोर्नियात पेटालुमाजवळ स्टीव्ह सॅन्सवीट यांनी ‘रँचो ओबी-वान’ हा संग्रह उभारला. ‘स्टार वॉर्स’च्या वस्तूंचा सर्वांत मोठा संग्रह म्हणून गिनेस बुकने त्याची नोंद घेतली. तेथून शंभराहून अधिक वस्तू चोरीस गेल्याचे २०१७ मध्ये उघड झाले. चोर बाहेरचा नव्हता, सॅन्सवीट यांच्या ओळखीतलाच एक संग्राहक होता.

दुसरा शत्रू काळ. ही खेळणी जपण्यासाठी केलेलीच नव्हती. एक्स-विंगचे पांढरे प्लॅस्टिक प्रकाश आणि हवेने पिवळे पडते. हायड्रोजन पेरॉक्साइडने ते पुन्हा उजळते खरे. मात्र पिवळेपणा परत येऊ शकतो, शिवाय अशा उजळविलेल्या वस्तूला अनेक जाणकार मूळ मानीत नाहीत. मऊ प्लॅस्टिकचे हातपाय वर्षांनुवर्षे बंद राहिल्यास चिकट होतात. यानात विसरलेले सेल गळून धातूचे संपर्क खातात. तेव्हा सेल काढणे आणि ऊन टाळणे, एवढी पथ्ये तरी पाळावीतच.

साठवून ठेवले म्हणजे श्रीमंत झालो, हा समजही १९९९ नंतर फोल ठरला. केनरची मूळ मालिका १९८५ मध्ये थांबली होती आणि कंपनी १९९१ मध्ये हॅस्ब्रोकडे गेली. ‘द फँटम मेनेस’ची खेळणी ३ मे १९९९ च्या मध्यरात्री विक्रीस आली, तेव्हा रांगा लावून लोकांनी ती खोकीच्या खोकी नेली आणि न उघडता ठेवली. सगळ्यांनीच जपल्याने ती आजही मुबलक आहेत आणि बहुतेकांना फारसा भाव नाही.

भारतात मात्र उलटे घडले. केनरच्या मापावरच हॅस्ब्रोने १९८२ मध्ये ‘जी. आय. जो’ पुन्हा आणला आणि पुढे फनस्कूलने, जिचा एक कारखाना गोव्यात आहे, तो भारतीय बाजारात उतरविला. मूळच्या साच्यांवर वेगळेच रंग चढविलेल्या या भारतीय फिगर परदेशी संग्राहक हौसेने शोधतात. मुंबई-पुण्यात ज्यांचे बालपण नव्वदच्या दशकात गेले, त्यांच्या घरी त्या असतीलही, हात तुटलेल्या आणि बंदूक हरवलेल्या. पाकिटे तर त्याच दिवशी केरात गेलेली असतात.